नवरीचं नाव राहून गेलं

आई छपरावर पाव उन्हात फुगायला ठेवत होती आणि मी काठी घेऊन कोंबड्या हाकत होते, तेव्हा हाज रिफाअतच्या घरची पत्रिका आली. गुलाबी कागद, सोनेरी कडा, सोबत बदामाच्या साखरगोळ्यांची पुडी. पुडी मी आधी उघडली, खरं सांगते. मग पत्रिका.

"हाज रिफाअत अब्दुल्मौला यांची सुकन्या आणि उस्ताद वाइल जादुल्करीम यांचा शुभविवाह." नवऱ्याचं नाव जाड अक्षरात होतं, त्याच्या आजोबांचंसुद्धा. नवरीच्या नावाच्या जागी एक गुलाबाचं फूल छापलेलं.

"अखेर सफियाचं जमलं गं बाई!" आई पिठाचे हात तसेच आभाळाकडं करून म्हणाली. "चोविशी गाठली होती पोरीनं. तिची आई झुरून अर्धी झाली होती."

खालच्या गल्लीत सगळ्या बायका हेच म्हणत होत्या. सफियाचं जमलं. नवरा कुवेतला असतो. नशीब काढलं.

आता तुम्ही म्हणाल, पत्रिकेत नाव नव्हतं तर विचारायचं. अहो, विचारायचं कुणाला? आमच्या सवाकी गावात बाईचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे तिच्या अंगावरची चादर ओढणं. फुटबॉलच्या मैदानात कुणी माझ्या भावासमोर आमच्या आईचं नाव ओरडलं, तर खेळ तिथंच थांबतो आणि नाकं फुटतात. बाई मेली तर मशिदीच्या कर्ण्यावरून 'अमक्याची आई, तमक्याची बायको' एवढंच सांगतात, आणि गावात एकाच नावाची दोन माणसं असली की लोक चुकीच्या दारात जाऊन रडून येतात! हे खरोखर झालेलं आहे. सगळे हसले, आणि पुढच्या वेळी परत तसंच केलं.

आमच्या गावात हे सगळं लिहून ठेवणारी एकच बाई आहे. अब्ला इन्तिसार; अब्ला म्हणजे आमच्याकडं मोठी ताई. इन्तिसार अब्दुल्लतीफ. बघा, मी पूर्ण नाव लिहिलं.

अब्ला आधी जिल्ह्याच्या गावी एका वर्तमानपत्रात होती. इथल्या बातम्या ती तिथं पाठवायची: पिण्याच्या पाण्याला येणारा वास, फाटक नसलेल्या रुळांवर उसाच्या छोट्या गाडीखाली सापडलेली माणसं. पान भरून लिहिलेलं चार ओळींत छापून यायचं, त्यातही गावाचं नाव चुकलेलं. एक दिवस ती वैतागून घरी आली आणि भावाच्या, म्हणजे सालेहच्या अंगणात तिनं स्वतःचं पत्र सुरू केलं. नाव 'मस्तबा'. मस्तबा म्हणजे घराबाहेरचा मातीचा ओटा. आमच्याकडं खरी बोलणी तिथंच होतात.

पत्र म्हणजे फार काही नाही, झेरॉक्स काढलेली दोन पानं. बोटीच्या धक्क्यावर, शाळेच्या फाटकावर, चहाच्या दुकानात लागतात. पण त्याची रीत दुसरी कुठं नसेल. गावानं सांगायचं आणि अब्लानं लिहायचं. दर गुरुवारी अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर सालेहच्या अंगणात सगळे जमतात, बाकांवर पुरुष आणि लिंबाच्या झाडापलीकडं चटयांवर बायका. अब्ला एकेक मजकूर वाचते आणि प्रत्येकाच्या शेवटी विचारते, "बरोबर?" लोक "बरोबर" म्हणाले तरच तो छापायचा. कुणी हात वर केला तर तिथल्या तिथं दुरुस्ती. एकदा एका बकरीच्या रंगावरून अंक अडकला होता.

या रीतीनं कामंही झाली. उसाच्या गाडीला फाटक आलं. पाण्याची टाकी धुतली गेली. म्हातारा बोटवाला पूर कसा यायचा ते सांगायचा तेव्हा पोरंसुद्धा गप्प बसायची. बाहेरून कुणीकुणी बघायला आलं. लोक स्वतःची गोष्ट स्वतः सांगतात, काय सुंदर, असं म्हणून चहा पिऊन गेलं.

सुंदर खरंच. पण गावानं सांगितलेली गोष्ट गावाइतकीच धीट असते, आणि अब्लाला ते बोचायचं. बायका रडून, हसून, हातवारे करून सांगायच्या, आणि छापताना ती गोष्ट 'एका आईची' व्हायची. अब्लाची आई गेली तेव्हा तिनं अंकात आईचं नाव लिहिलं होतं. पहिल्या कित्येक अंकांतल्या निम्म्या गोष्टी त्याच आईनं सांगितलेल्या. गुरुवारी वाचून अब्लानं विचारलं, "बरोबर?" तिचा सख्खा भाऊ सालेह म्हणाला, "बरोबर नाही. सालेहची आई लिही." अख्ख्या अंगणानं माना हलवल्या. अब्लानं नाव खोडलं. गावाचं पत्र, गावाचा नियम. त्या दिवशी तिनं पेन इतकं दाबलं की कागद फाटला, असं माझी आई सांगते.

तर, पत्रिका वाटून झाल्यावर हाज रिफाअत स्वतः गुरुवारी आला. त्याचं गुऱ्हाळ आहे, आमच्याकडची सगळी काकवी तिथलीच. माणूस वाईट नाही हो, हेच तर अवघड आहे. सणाला पोरांना फुकट रस पाजतो.

"लिही इन्तिसार," तो बाकावर ऐसपैस बसून म्हणाला. "हाज रिफाअत यांच्या कन्येचा विवाह पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. सगळ्यांनी यावं. चुलीवर दोन वासरं."

"नाव?" अब्लाच्या तोंडून सवयीनं गेलं.

"काय गं, बाईमाणसाचं नाव भिंतीला चिकटवतेस? उद्या फोटो मागशील!"

बाकांवर हशा पिकला. अब्लाही थोडी हसली. तिनं लिहिलं, वाचलं, विचारलं, "बरोबर?" सगळं अंगण एका सुरात म्हणालं, "बरोबर! मबरूक, अभिनंदन!" बायकांनी जिभा हलवून असा लांब आनंदाचा चीत्कार केला की झाडावरच्या चिमण्या उडाल्या. मीही केला. माझ्या शेजारी माझी वर्गमैत्रीण शहद बसली होती, हाज रिफाअतची धाकटी. तिनं तर माझ्या कानात असा चीत्कार केला की कान दुखला.

"सफिया गेली की तिची खोली मला!" ती म्हणाली. "आरशासकट!"

पुढचे दोन दिवस शहद हवेत होती. तिसऱ्या दिवशी शाळेत आली ती तोंड धुवायच्या नळापाशी उभी राहिली आणि हललीच नाही. घंटा झाली तरी हलेना.

"काय झालं गं?"

"ड्रेस मला होतो, हनीन."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. शिवणारी बाई घरी आली होती. आई म्हणाली, सफिया भट्टीशी आहे, तिचे हात राखेचे आहेत, तूच उभी राहा मापाला. शहद हौसेनं उभी राहिली. सफिया अंगानं भरलेली, शहद म्हणजे उसाची कांडी. तिला वाटलं, पिना लावतायत, नंतर सैल करतील. शिवणारीनं पिना लावल्या आणि कात्रीनं उरलेलं कापड कापून टाकलं.

"मी म्हटलं, खाला, हे काय करतेस? सफियाला होणार नाही! ती आईकडं बघायला लागली. आई माझ्याकडं बघेना. मग आई म्हणाली, वाकू नकोस, ताठ उभी राहा."

"आणि सफिया?"

"दारात होती. हात धुतलेले होते तिचे."

शहद पंधरा वर्षांची. तिला जीवशास्त्राची प्रयोगवही पूर्ण करायची होती, त्यासाठी ती माझी उतरवून घेणार होती आणि मी देत नव्हते. त्या सुकन्येला शेवटपर्यंत माहीत नव्हतं की सुकन्या ती आहे! पत्रिका तिनं स्वतःच्या हातानं अर्ध्या गल्लीत वाटली होती.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी थेट अब्लाकडं गेलो. अब्ला अंगणात मसूर निवडत होती. शहदनं सगळं सांगितलं, एकदाही न रडता. अब्लाच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"मी मबरूक म्हणून छापलं," ती म्हणाली. "माझ्याच कागदावर." मग एकदम मोठ्यानं, "एक नाव विचारलं मी, आणि हसले! हसले मी!"

तिनं तेव्हाच फोन उचलला. मुलांच्या मदतीचा नंबर असतो, तो लावला. पलीकडची बाई दमलेली होती पण सरळ बोलली. "पत्रिकेत मुलीचं नाव आहे का?"

"नाही."

"मोठी बहीण आहे लग्नाची?"

"आहे."

"मग आम्ही आलो की बाप म्हणेल, मोठीचं लग्न आहे. आई मान हलवेल. गाव मान हलवेल. आम्ही चहा पिऊन परत, आणि आम्ही वळलो की त्याच रात्री लग्न. असं गेल्या महिन्यात दोनदा झालं. लग्न लहानीचं आहे, हे गावातलं कुणीतरी उघड म्हणू दे. मग मी माणूस पाठवते."

अब्लानं फोन ठेवला. शहद म्हणाली, "मी म्हणते की."

"तू म्हणशीलच गं. पण तुला ते पुढं येऊ देणार नाहीत."

तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून शहदचं बाक रिकामं राहिलं.

अब्ला गुऱ्हाळावर गेली. मीही मागून गेले, काकवीची किटली घेऊन, म्हणजे कुणी विचारलं तर कारण असावं. काहिलीत रस उकळत होता, हाज रिफाअत स्वतः मळी काढत होता. अब्लानं सरळच विचारलं.

"लग्न शहदचं आहे?"

"हळू बोल. माणसं आहेत."

"ती पंधराची आहे, हाज. कायद्यानं अठरा लागतात."

"कागद अठराला करू ना. तोवर शेखसमोर धर्माच्या रीतीनं लग्न, कागदाविना. नवीन आहे का? अर्ध्या गावाची अशीच झाली आहेत. तुझ्या वहिनीचं कसं झालं?"

"आणि सफिया?"

त्यानं झारा आपटला. "सफियाला बघून गेले ते. शरबत दोघींनी आणलं होतं. मुलाच्या आईला धाकटी आवडली. मी काय करू? मोठीपायी धाकटीचं घालवू? उद्या तीही चोविशीची होऊन बसेल, मग तू येशील तिला सांभाळायला?"

"शहदला विचारलं?"

"तू लग्नच केलं नाहीस, इन्तिसार. तुला काय कळणार!" मग तो हसला, आणि ते हसणं मला शिवीपेक्षा लागलं. "आणि आता आरडाओरडा कशाला? तुझ्याच कागदात आलंय. गावानं बरोबर म्हटलंय. तुझाच नियम ना?"

अब्ला वळली आणि चालू लागली. परत येताना ती उसाच्या चिपाडांच्या ढिगाला लाथ मारून गेली. मोठी माणसं लाथा मारतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग ती मशिदीच्या शेखकडं गेली. शेख म्हणाला, "मला तर सफियाच वाटली. कुणी असं विचारतं का?" शाळेच्या बाईंकडं गेली. बाई म्हणाल्या, "अय्या, आम्हाला सफिया वाटली! पण घरची बाब आहे." शिवणारी म्हणाली, मी मापं घेते, नावं घेत नाही. मी घरी आईला सांगितलं तर आई पहिल्यांदा, "हाय रे देवा, शहद?" म्हणाली, आणि लगेच, "आम्हाला काय माहीत, आम्हाला सफिया वाटली," असं म्हणून वाटाणे सोलायला बसली. मी ओरडले, "आता माहीत झालं ना?" आई म्हणाली, "आवाज खाली." बस. एवढंच. आवाज खाली! अख्खं गाव एकाच वाक्याच्या आड बसलं होतं, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. त्यामुळं तर मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

अब्लाच्या पत्राचा आणखी एक नियम होता, जो फारसा कुणाच्या लक्षात नव्हता. ज्याची गोष्ट आहे त्याच्या होकाराशिवाय छापायचं नाही. मला शहदच्या घरी मेंदीच्या तयारीला बोलावलं होतं, तेव्हा मी स्वयंपाकघरात तिला कोपऱ्यात गाठलं. ती भात भरायला कबुतरं साफ करत होती. स्वतःच्या लग्नाची!

"अब्ला विचारतेय, तुझं नाव लिहू का? विचार करून सांग. मार खावा लागेल."

शहदनं पिसांचे हात पुसले. "लिहा की. माझंच आहे ना ते?"

पलीकडं सफिया कांदे चिरत होती. तिनं ऐकलं. मी तिच्याकडं बघितलं तर ती खाली मान घालून कांदेच चिरत राहिली. मला तिचा राग आला. खूप आला. घरी जाईपर्यंत मी मनात तिला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

गुरुवार आला. लग्न दुसऱ्या दिवशी, त्यामुळं अंगण खच्चून भरलेलं. हाज रिफाअत पहिल्या बाकावर, नवीन पायघोळ गलाबिया घालून. शेख त्याच्या शेजारी. बायकांत शहदची आई, जिला सगळे मुलाच्या नावानं उम्म मुस्तफा, म्हणजे मुस्तफाची आई, म्हणतात, आणि तिच्या मागं सफिया. शहदला घरी ठेवलं होतं, मेंदी वाळते म्हणून.

अब्लानं आधी कालव्याच्या गाळाचं वाचलं. "बरोबर?" "बरोबर." बोटीच्या नव्या वेळेचं वाचलं. "बरोबर." मग तिनं कागद बदलला. तिनं मोठ्यानं वाचलं.

"चूक दुरुस्ती. मागच्या अंकात हाज रिफाअत अब्दुल्मौला यांच्या कन्येच्या विवाहाची बातमी होती. तीत नवरीचं नाव आणि वय राहून गेलं. नवरी शहद रिफाअत अब्दुल्मौला, वय पंधरा, नववीत शिकते. तिचं म्हणणं असं, की हे लग्न तिला नको, शाळा हवी."

तिनं कागद खाली केला.

"बरोबर?"

एकदम बाकं सरकली. "लाज आहे का?" "पोरीचं नाव! एवढ्या पुरुषांत!" "खोड ते!" कुणीतरी ओरडलं, "म्हणून तर हिला नवरा मिळाला नाही!" हाज रिफाअत उभा राहिला, तोंड काहिलीसारखं तापलेलं. "हे आम्ही सांगितलेलं नाही! गावानं सांगितलेलं नाही!"

"नाही," अब्ला म्हणाली. "जिची गोष्ट आहे तिनं सांगितलं."

"बस कर, इन्तिसार," तिचा भाऊ सालेह दातांतून म्हणाला. "माझ्या अंगणात हे चालणार नाही."

"मी थांबते. कुणीतरी नुसतं म्हणा, चुकलंय. मग मी खोडते. नाव चुकलंय का? वय चुकलंय? शेखसाहेब?"

शेख जमिनीकडं बघत होता.

"हाज, तुम्ही म्हणा. नवरी शहद नाही, असं म्हणा."

हाज रिफाअत तोंड उघडून उभा. बघा हो, सगळ्या गावाला सफिया वाटली होती, तेवढं एक वाक्य त्याला म्हणायचं होतं! आणि उद्या शेकडो माणसं शहदला नवरीच्या खुर्चीवर बघणार होती. पण माणूस असा नव्हता की वेळ आली की अडेल. त्यानं श्वास घेतला आणि म्हणाला, "लग्न माझ्या मोठ्या मुलीचं आहे."

अंगणाला हायसं वाटलं. खरंच, मी ते पाहिलं. खांदे खाली आले. कुणीतरी "झालं, बरोबर, मोठीचं" असं म्हणायलाही लागलं. अब्लाचा चेहरा पडला. आता तिला खोडावं लागणार होतं. नियम.

"बरोबर आहे."

आवाज लिंबाच्या पलीकडून आला. सफिया उभी होती. तिची आई तिचा झगा धरून खाली ओढत होती.

"अब्लानं वाचलं ते बरोबर आहे," सफिया म्हणाली. "नवरी शहद आहे. माझी धाकटी बहीण. ती पंधराची आहे. तिचा जन्म झाला तेव्हा मी दाराबाहेर बसून होते, मला माहीत आहे."

"खाली बस, मुली," उम्म मुस्तफा रडत म्हणाली. "तुझ्यावर बोट दाखवतील. म्हणतील, बहिणीवर जळते."

"म्हणू देत. मला नापसंत केलं ते अख्ख्या गावाला कळलंच आता. आणखी काय म्हणतील?"

हाज रिफाअत तिच्याकडं निघाला. मध्ये चटयांवर बायका होत्या. कुणी त्याला अडवलं असं म्हणणार नाही मी. पण कुणी उठून वाटही दिली नाही. मांड्या घालून बसल्या त्या तशाच बसल्या, आणि एवढ्या बायकांना ओलांडून जाणं पुरुषाला शोभत नाही. माझी आईही त्यांत होती. मान खाली होती तिची, पण हलली नाही. हाज तिथंच थांबला, आणि वळून अंगणाबाहेर गेला.

अब्लानं कागदावर लिहिलं, 'बरोबर'. मग फोन काढला, आणि सगळ्यांसमोर तो नंबर लावला.

शुक्रवारी सकाळी बोटीतून एक बाई आणि दोन पोलीस आले. हाज रिफाअत यावेळी मोठीचं लग्न म्हणू शकला नाही, गावानं ऐकलेलं होतं. शहद अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही असं त्यानं लिहून दिलं. दोन वासरांचं मटण गल्लीत वाटलं गेलं, कारण टाकणार कुठं? सगळ्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. आम्हीही.

मला इथं थांबायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही.

सफियाला तिच्या बापानं भट्टीवर इतकं कामाला लावलं की तिचे हात अजून भाजलेले असतात. शहदला शाळेत पाठवायला तो तयार नाही. बरीच भांडणं होऊन घरून अभ्यास करून परीक्षेला बसू द्यायला कबूल झाला, तेही उम्म मुस्तफा जेवेनाशी झाली म्हणून. मी तिला माझ्या वह्या देते. आता सगळ्या देते. झेरॉक्सवाल्यानं 'मस्तबा' काढायला नकार दिला. सालेहनं अंगणाचं दार लावून घेतलं. त्यानंतरच्या गुरुवारी अब्ला बाहेर गल्लीत चटई टाकून बसली. कुणी आलं नाही. ज्यांच्यासाठी तिनं फाटक आणलं, टाकी धुवून घेतली, ते कडेकडेनं, सलाम न करता गेले. दहा-बारा वर्षांची मेहनत एका चूक दुरुस्तीनं संपली, असं सालेह म्हणाला. मला त्याच्या डोक्यावर चिपाडाचा ढीग ओतावासा वाटला.

आणि तो वाइल जादुल्करीम. कुवेतला परत जायची तारीख ठरलेली, म्हणून त्याच्या घरच्यांनी घाई केली. नदीपलीकडच्या गावात जमवलं. तिथल्याही पत्रिकेत गुलाबाचं फूल आहे. ती मुलगी कोण, केवढी, कुणाला माहीत नाही.

हे ऐकून मी रडले, तर अब्ला चिडली. "रडू नकोस. मी चूक केली, समजलं? इतकी वर्षं मी बसून राहिले, गाव काय सांगतंय ते ऐकत. जे सांगायला कुणी येतच नाही, ते मला जाऊन विचारायला हवं होतं. ऊठ. बोट सुटेल."

आम्ही नदीपलीकडं गेलो. आईला मी सांगून गेले, आणि आई नाही म्हणाली नाही. तिनं फक्त उन्हात फुगवलेले दोन पाव फडक्यात बांधून दिले.

तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. एका दाराबाहेर ओट्यावर एक बाई कोथिंबीर निवडत बसली होती. अब्ला तिच्या शेजारी बसली, पाव दिला, ऊन किती, पाणी कसं, असलं बोलली. मग तिनं विचारलं, "या गावात लग्न आहे म्हणे. नवरीचं नाव काय?"

बाईचे हात थांबले. "जाबिरची मुलगी."

"जाबिरच्या मुली किती?"

"तीन."

"त्यातली कुठली?"

"मोठीच असेल. कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय," अब्ला म्हणाली. "आणि तुमचं नाव?"

"मी उम्म हमदी."

"हमदीचं नको. तुमचं."

बाईनं गल्लीच्या दोन्ही टोकांकडं पाहिलं. एक गाढवगाडी गेली, मग एक पोरगा सायकलवरून गेला. बाईनं कोथिंबिरीची पुढची जुडी घेतली. मी उठायला लागले, तर अब्लानं माझा हात धरून मला खाली बसवलं, पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत राहिली.